अठरा घरांचे काका

नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की काका त्याला नाव विचारत नसत. "कोनाच्या घरचा तू?" असं विचारत. मुलगा गांगरून आडनाव सांगायचा, नाहीतर बिल्डिंगचं नाव. मग काका भिंतीवरच्या आवर्त सारणीच्या तक्त्यापाशी जायचे, त्यातल्या एका उभ्या रांगेवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि म्हणायचे, "बाला, आदी घर इचारावं, मंग नाव. घर समजलं का मानूस समजला."

हे ऐकलं की माझ्या पोटात दुखायला लागायचं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज व्हायला नको. या माणसावर मी सोळा वर्षं जळले.

मी डोंबिवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी., बी.एड., दोन्ही पहिल्या वर्गात. काका आमच्या लॅबचे सहायक, शिक्षण दहावी नापास. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, गॅस उघडायचा नि बंद करायचा, एवढंच त्यांचं काम. कागदोपत्री ते शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

बरं, बिचारे म्हणून दया करावी, तर तीही सोय नव्हती. काका खाडीकडच्या गावातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे तिथलेच. वडील मिठागरावर राबलेले. घरच्या शेतजमिनीवर आता तीन टॉवर उभे आहेत. सकाळी त्यांचा मुलगा त्यांना एका पांढऱ्या, उंच गाडीतून गेटाशी सोडायचा. त्याच वेळी आमचे प्राचार्य शेअर रिक्षातून उतरत असायचे, आणि मी माझ्या भाड्याच्या वन बीएचकेतून चालत येत असायचे. काका बोटातली जाड अंगठी काढून खिशात टाकायचे, राखाडी शर्टाच्या बाह्या दुमडायचे आणि बेसिनशी उभे राहायचे.

"काका, तुम्हाला नोकरीची गरज काय?" मी एकदा न राहवून विचारलं.

"घरी बसून काय करू मॅडम? घरी मना कोन सोडियम कापाला देतंय?"

आता त्यांची अठरा घरं सांगते. आवर्त सारणीत अठरा उभ्या रांगा असतात, त्यांना आम्ही गण म्हणतो. एका गणातली मूलद्रव्यं स्वभावानं सारखी असतात. हे मी फळ्यावर नीट लिहून द्यायची. मुलं लिहून घ्यायची आणि विसरायची. काकांच्या तोंडी गण हा शब्द कधी आला नाही. पहिलं घर तापट लोकांचं. रॉकेलमधून सोडियमचा खडा चिमट्यानं काढायचे, सुरीनं खवा कापावा तसा कापायचे, आत चांदीसारखी चकाकी. "बगा, बगा, आता तोंड कालं करील," म्हणेपर्यंत ती चकाकी मावळलेली असायची. "वरच्या माल्यावर लिथियम, त्यातल्या त्यात शांत. खाली उतरत जाल तशी डोकी फिरलेली. सगल्यांच्या कडेवर एकेक पोर, ते कोनाला तरी देऊन मोकलं व्हायची घाई."

"काका, इलेक्ट्रॉन म्हणजे पोर नव्हे," मी म्हणायची.

"नाय ना मॅडम. पन सतराव्या घरात पालना रिकामा हाय, त्याला काय करू?"

सतरावं घर क्लोरीनचं. तिथे सगळ्यांना एकाची कमी. पहिल्या घरचं पोर सतराव्या घरी दिलं की मीठ झालं. एवढं सांगून झालं की काका क्षणभर थांबायचे. "माज्या बापानं जनमभर ह्या दोघांचा संसार उन्हात वालत घातला," म्हणायचे. वर्ग एकदम गप्प व्हायचा. आयनिक बंध शिकवताना माझा वर्ग असा कधीच गप्प झाला नाही. माझ्या वर्गाची शांतता झोपेची असते.

अठराव्या घराबद्दल ते म्हणायचे, "हे टॉवरवाले. देनं नाय, घेनं नाय, दार बंद." या ठिकाणी मी त्यांना पकडलंच. "काका, झेनॉनची संयुगं होतात. चुकीचं सांगू नका मुलांना."

"होत असतील की मॅडम. फ्लोरीनसारख्यानं बेल मारली तर टॉवरवाला पन गनपतीची वर्गनी काढतो."

वर्ग हसून लोळला. आणि उपमा शंभर टक्के बरोबर होती, हे माझं खरं दुखणं. दोन पदव्या घेतलेल्या मला ती सुचली नव्हती.

अपरूपतेच्या वेळी तर त्यांनी माझी दांडीच उडवली. एकच मूलद्रव्य, पण अणूंची रचना वेगळी, म्हणून रूप आणि गुणधर्म वेगळे, अशी व्याख्या मी सांगितली. काकांनी एका हातात पेन्सिल धरली, दुसऱ्या हातात कोळसा. "एकच मानूस. घरी बनियनवर, लग्नात फेट्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाघ. मानूस तोच, बसाची पद्दत वेगली. आता हिरा काय माज्याकडं नाय. तो बगा मॅडमच्या नाकात." चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी कौतुकानं हसले. चमकी अमेरिकन डायमंडची होती, म्हणजे तिच्यात कार्बनचा कणही नव्हता. पण हे त्या वेळी वर्गात सांगायची माझी छाती झाली नाही.

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर आमची जुनी मुलं भेटतात. नवे कपडे, फोटो, गळाभेटी. एकदा एक मुलगा गर्दीतून वाट काढत आला, वाकून नमस्कार केला. पुण्याला केमिकल इंजिनिअरिंग करतोय म्हणाला. मला भरून आलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो वर बघून विचारतो, "मॅडम, काका कसे आहेत?" आणि मग रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं मला पहिल्यापासून अठराव्यापर्यंत सगळी घरं म्हणून दाखवली. मी "वा, वा" म्हणत होते. घरी जाऊन फराळाचं ताट तसंच ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बाई फार कोत्या मनाची आहे. आहेच. पण आमची परिस्थितीही बघा. हल्ली अकरावीत नाव घातलं की मुलं क्लासला जातात. कॉलेजात येतात ती प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही घ्यायला. माझ्या व्याख्यानाला बाकं रिकामी आणि शुक्रवारी लॅबच्या दारात चपलांचा ढीग. त्या चपला माझ्यासाठी काढलेल्या नाहीत, हे दर शुक्रवारी मला कळायचं.

काकांचा हुकमाचा पत्ता म्हणजे गंधक. पिवळी पूड परीक्षानळीत घेऊन तापवायची. आधी ती वितळून मधासारखी पातळ होते. आणखी तापवली की गडद आणि घट्ट होते, इतकी की नळी उलटी केली तरी थेंब पडत नाही. इथे मुलांना वाटतं, संपलं. "दम खा," काका म्हणायचे. आणखी तापवलं की ते काळपट लाल होऊन पुन्हा पातळ होतं, उकळायला येतं. तेव्हा त्याची बारीक धार थंड पाण्यात सोडायची. पाण्यातून तपकिरी, रबरासारखा धागा निघतो. ओढला की ताणतो. हेही गंधकाचं एक रूप, प्लास्टिक गंधक. चार दिवसांत पुन्हा पिवळं आणि ठिसूळ होऊन आपल्या मूळ वळणावर जातं. मुलं तो धागा गळ्यात घालून फोटो काढायची.

तन्वी नावाच्या एका चष्मेवाल्या मुलीनं हा प्रयोग मोबाइलवर चित्रित केला आणि टाकला सगळीकडे. लोकांनी तो हजारो वेळा पाहिला. त्यात काका होते, गंधक होतं, आणि डाव्या कडेला तीन सेकंद माझं कोपर होतं. प्राचार्य खूष झाले. "पालकसभेला हाच प्रयोग ठेवू," म्हणाले.

मी म्हटलं, "ठेवू या ना सर. पण पालकांसमोर शिक्षकानं करावा. बरं दिसतं."

त्यांना ते पटलं. पालकसभेच्याच दिवशी ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका कार्यालयात लॅबचे कागद नेऊन द्यायचे होते. शिपाईही गेला असता. मी काकांना पाठवलं. काकांनी कागद घेतले, दारापर्यंत गेले, थांबले. मला वाटलं काहीतरी म्हणतील. "गंधक वरच्या फलीवर ठेवलाय," एवढं म्हणून गेले. नवरात्राच्या मंडपाचं काम निघालेलं, त्यामुळे तिकडचा अर्धा रस्ता बंद होता. ते संध्याकाळशिवाय येणार नाहीत, हे मला माहीत होतं.

आणि मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. हा प्रयोग मी आयुष्यात कधी स्वतः केलेला नव्हता. वीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. समोर साठ पालक, पहिल्या रांगेत प्राचार्य, हातात चिमट्यात धरलेली नळी. गंधक छान वितळलं, मधासारखं झालं. नळीच्या तोंडाशी निळी ज्योत लपलपली, वास सुटला, एक आजोबा खोकायला लागले. प्राचार्यांनी घड्याळात बघितलं. मी नळी बीकरकडे नेली.

"मॅडम, अजून काळं व्हायचंय," मागून तन्वी हळूच म्हणाली. "काका अजून थांबतात."

ती गप्प बसली असती तर कदाचित मीच थांबले असते. पुढची पायरी मला पाठ होती, दर वर्षी मी ती फळ्यावर लिहीत होते. पण 'काका थांबतात' हे ऐकलं आणि मी नळी ओतली. पाण्यात पिवळे खडे पडले. एक उचलून ताणायला गेले, तर बोटांत त्याचा भुगा झाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

प्राचार्यांच्या खोलीत मी जे बोलले ते अजून मला शब्दन्‌शब्द आठवतं. "गंधकच खराब होतं, सर. काकांनी जुना माल काढून ठेवला होता. त्यांचं हल्ली लक्ष नसतं, मुलांशी गप्पा फार."

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं. मी तिथेच होते. प्राचार्यांनी विचारलं, गंधक खराब होतं का. त्याच बाटलीतलं गंधक घेऊन तन्वीनं सकाळी लॅबमध्ये प्रयोग करून बघितला होता आणि सुंदर धागा निघाला होता. तो धागा काकांच्या शर्टाच्या खिशातून बाहेर लोंबत होता.

"हो सर," काका म्हणाले. "जुनं व्हतं. माजी चूक झाली."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर लॅबच्या दारावर सूचना लागली. प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावेत, सहायकांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी विद्यार्थ्यांशी संभाषण करू नये. काका ती सूचना रोज सकाळी फडक्यानं पुसायचे, कारण धूळ पुसणं हे त्यांचं काम होतं. आणि पाळायचे. मुलं विचारायची, "काका, बोरॉन कोणाच्या घरचा?" काका माझ्याकडे बोट दाखवायचे.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. लॅब शांत झाली. चपलांचा ढीग आटला. आणि तरी माझी जळजळ थांबेना. आता मला त्यांच्या चांगुलपणाचा मत्सर वाटायला लागला. हा माणूस माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो ते शिकवतो, वर माझ्यासाठी खोटंही बोलतो आणि मिरवत नाही. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? खरं सांगायला प्राचार्यांच्या दारापर्यंत मी तीनदा गेले. एकदा ते फोनवर होते. एकदा आत पालक होते. एकदा कोणीच नव्हतं, आणि मी रजेचा अर्ज देऊन परत आले.

काका निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभात माझं भाषण होतं. मनाशी पक्कं केलं होतं की आज सगळ्यांसमोर बोलायचं. उभी राहिले आणि म्हणाले, "काका अत्यंत वक्तशीर होते." टाळ्या पडल्या. काकांनी शाल सावरली आणि मान डोलावली. त्यांच्या शेवटच्या दीड वर्षात त्या लॅबमध्ये त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पोटाचं काहीतरी होतं, कळेपर्यंत उशीर झाला होता. मी दहा-बारा दिवसांनी त्यांच्याकडे गेले. नवव्या मजल्यावर घर. दार सताड उघडं, बाहेर चपलाच चपला. काकांच्या बायकोनं मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. ठसठशीत बाई, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं.

मला तिथे रडू फुटलं. शोकाचं थोडं आणि लाजेचं जास्त. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पालकसभा, गंधक, मी बोललेलं खोटं. "काका देवमाणूस होते," म्हटलं. "मी त्यांच्यावर जळत होते."

त्यांनी मला रडू दिलं. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "देव कंचा, बाय? तेच तुमच्यावर जलाचे."

डोळे पुसता पुसता मी थांबले.

"खरं सांगतंय. घरी येऊन रोज तुमचा हेवा कराचे. तुमचा तास चालू असला की हातात रजिस्टर घेऊन भायेर दाराशी उभे राहाचे, कोनाला संशय नको म्हनून. तुमचं ऐकूनच शिकले ते. तुमी गन का काय सांगाचे, त्याचं त्यांनी घर केलं. मना बोलाचे, मॅडम फल्यावर लिवतात आनि पोरं वयीत उतरून घेतात. माजं कोन लिवून घेतंय? मी बोललो, वारा घेऊन गेला."

बाहेर कोणीतरी आलं, त्या डोकावून "बसा" म्हणाल्या आणि परत माझ्याजवळ आल्या.

"त्या दिवशी ठान्यावरून आले ना, आदीच कोना पोरीनं फोनवर पाठवलं व्हतं, मॅडमला जमलं नाय म्हनून. असे हसले! दोन भाकऱ्या जास्ती खाल्ल्या. सकाली उठले तर तोंड उतरलेलं. बोलले, मॅडमनी हे कवा केलेलं नाय ते मना ठावं व्हतं. निघताना दारात एक शबुद सांगाला पायजे व्हता, कालं होईपावत थांबा. मी मुद्दाम नाय सांगितला. बोलले, आता माजीच चूक, मीच सांगतंय सायबाला."

पेला माझ्या हातात तसाच होता. मला वाटलं होतं, माझ्या पापाला एका सज्जन माणसानं माफी दिली. तसलं काही झालंच नव्हतं. त्या दिवशी दारात आम्ही दोघंही थांबलो होतो, दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. मला विचारायचं नव्हतं, त्यांना सांगायचं नव्हतं. एका वाक्याचा प्रश्न होता. त्याची किंमत त्यांनी बोलणं बंद करून भरली, आणि मी वक्तशीरपणाचं भाषण केलं.

घरी येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले. उन्हानं जीव जात होता. आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्याखाली कुठेतरी मला बरंही वाटत होतं. माझा हेवा करावा असं माझ्यात काही असेल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. तसं वाटणारा एकुलता एक माणूस माझ्या पाठीशी, दाराबाहेर उभा होता.

कॉलेज उघडल्यावर पहिल्याच सोमवारी अकरावीचा तास होता. वर्गात अकरा मुलं. मी फळ्यावर लिहायला लागले. फळ्याकडे तोंड केलं की आमच्या वर्गात दाराकडे पाठ होते. इतक्या वर्षांत मी लिहिता लिहिता एकदाही वळून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी वळले. खडू हातात, वाक्य अर्धं. माझ्याबरोबर अकरा मानाही वळल्या. दार उघडं होतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये ऊन पडलं होतं आणि कोणी नव्हतं.

"गंधक चांगलं होतं," मी म्हटलं. मोठ्यानं, दारापर्यंत जाईल असं. "मीच घाई केली. काका चुकले नव्हते."

ही मुलं नवी. त्यांना कुठलं गंधक आणि कुठले काका? ती एकमेकांकडे बघायला लागली. तन्वीची बॅच तर केव्हाच बाहेर पडली होती.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं पेनाचं टोपण काढलं. "मॅडम, हे लिहून घ्यायचं का?"

"हो," मी म्हटलं. "घ्या लिहून."